ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल: तपासायचं कसं, बदलायचं कसं

इंजिन ऑइल शेवटचं कधी बदललं, हे बहुतेक गाडीमालकांना तोंडपाठ असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं असं विचारलं, की समोरचा गप्प होतो. माझी 2010 ची होंडा सिटी ऑटोमॅटिक मी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकांनी सगळ्या पावत्या फायलीत नीट लावून ठेवल्या होत्या. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, एसीचा गॅस, सगळं तारीखवार होतं. 78 हजार किलोमीटर चाललेल्या त्या गाडीच्या फायलीत गिअर ऑइलची पावती मात्र एकही नव्हती. माणूस निष्काळजी नव्हता. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्यांसाठी, आणि बॉनेट उघडायला हरकत नाही पण हात घालायची भीती वाटते अशांसाठी. सगळ्यांनी ऑइल घरी बदलावं असा आग्रह नाही. तपासणं मात्र प्रत्येकाला यायला हवं, कारण त्याला पाच मिनिटं आणि एक स्वच्छ फडकं एवढंच लागतं. बाकीचं काम गॅरेजला दिलंत तरी समोर काय चाललंय ते तुम्हाला कळेल.

आधी गिअरबॉक्स कोणता ते ओळखा

दोन पेडलच्या सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. सगळ्यात सोपी खूण गिअरच्या दांड्यावर आहे. त्यावर 'पी' म्हणजे पार्क नसेल आणि फक्त आर, एन, डी असेल, तर आपल्याकडे ती गाडी बहुतेक एएमटी असते. 2014 मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे हा प्रकार रुळला. आत नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीची क्लचप्लेटच असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिच्यात मॅन्युअलसारखं जाड गिअर ऑइल असतं. या लेखातली रीत तिला लागू नाही.

'पी' असेल तर तीन शक्यता उरतात. टॉर्क कन्व्हर्टरवाला पारंपरिक ऑटोमॅटिक, म्हणजे एर्टिगा, ब्रेझा, इनोव्हा क्रिस्टा किंवा माझ्या जुन्या सिटीतला. दुसरा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा, 2014 पासूनच्या सिटीतला. तिसरा दोन क्लचवाला, ज्याला कोणी डीएसजी म्हणतं, कोणी डीसीटी. तिघांची ऑइलं वेगळी आणि एकाचं दुसऱ्यात चालत नाही. तुमच्याकडे नेमका कोणता आहे ते गाडीसोबत आलेल्या मालक-पुस्तिकेत, शेवटच्या तक्त्यांमध्ये मिळेल. ती पुस्तिका ग्लोव्हबॉक्समधून बाहेर काढून ठेवा, पुढे दोन-तीनदा लागणार आहे.

पुढचं बहुतेक वर्णन टॉर्क कन्व्हर्टरचं आहे. उदाहरण माझ्याच गाडीचं देतो, कारण तिच्याखाली मी स्वतः पडलो आहे.

हे ऑइल करतं तरी काय

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑइलचं मुख्य काम दातांना वंगण देणं. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल हा चालता-बोलता सुटा भाग आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचते ती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या ऑइलमधून. एक पंखा ऑइल फेकतो, ते समोरच्या पंख्याला फिरवतं. गिअर बदलताना आतले क्लच दाबून धरतो तो ऑइलचाच दाब. त्या क्लचची चकती किती घसरेल आणि कधी पकडेल, हे ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. आणि या सगळ्यातून निघणारी उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारंही तेच.

म्हणून ऑइल शिळं झालं की गाडी आधी चालण्यातून सांगते. सकाळी 'डी'त टाकल्यावर क्षणभर थांबून मग धक्का बसतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. साधारण 40 ते 60 च्या वेगात हलका दाब देऊन चालवताना रस्त्यावर खवले असल्यासारखी थरथर जाणवते. ही तिसरी खूण फार जणांच्या लक्षात येत नाही, टायरवर किंवा रस्त्यावर खापर फुटतं.

ऑइल शिळं होतं ते मुख्यतः उष्णतेनं. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. मे महिन्यात कसारा घाट चढताना पुढे ट्रकची रांग असेल, तर तुमचा टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो आणि ते सगळं घसरणं उष्णता बनून ऑइलमध्ये जातं. पुण्या-मुंबईतली संध्याकाळची रेंगाळणारी रहदारी काही वेगळी नाही. पुस्तिकेत देखभालीचे दोन तक्ते असतील, एक सामान्य वापराचा आणि एक कठीण परिस्थितीतल्या वापराचा, तर आपल्यापैकी बहुतेकांनी दुसरा वाचायचा. धूळ, उन्हाळा, घाट, थांबत-थांबत चालणं, हे सगळं त्या 'कठीण' वापरातच मोडतं. माझा स्वतःचा नेम 40 हजार किलोमीटरचा आहे.

तपासणं

ऑइलची पातळी तापमानानुसार बदलते, इंजिन ऑइलपेक्षा जास्त काटेकोरपणे पाहावी लागते. थंड गाडीत बघितलेल्या पातळीवर विसंबून वरून ऑइल ओतणं ही नवख्यांची पहिली चूक.

गाडी पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालवून आणा आणि सपाट जागी लावा. सोसायटीच्या उतारावर नको, फरक पडतो. हँडब्रेक ओढा. आता ब्रेकवर पाय घट्ट ठेवून गिअरचा दांडा सावकाश पी, आर, एन, डी असा फिरवा, प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबा आणि परत 'पी'त आणा. यामुळे आतल्या सगळ्या वाटांमध्ये ऑइल भरतं.

इथून पुढे कंपन्यांच्या रीती वेगळ्या होतात, आणि हीच जागा चुकते. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढायची असते, कुठे 'पी'त तर कुठे 'एन'मध्ये. माझ्या सिटीत तसं नाही. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत गाडी तापवायची, इंजिन बंद करायचं आणि त्यानंतर 60 ते 90 सेकंदांच्या आत पातळी बघायची. पुस्तिकेत तुमच्या गाडीसाठी जे लिहिलं असेल तेच करा, मित्राच्या गाडीचा नियम लावू नका.

गिअरबॉक्सची डिपस्टिक इंजिन ऑइलच्या डिपस्टिकपेक्षा खाली, गिअरबॉक्सच्या अंगाला असते. ती काढा, बिनधाग्याच्या फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. दोन्ही बाजू बघा आणि ज्या बाजूची रेघ खाली असेल ती खरी धरा, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल दुसरी बाजू उगाच ओली करतं. काही गाड्यांत 'कोल्ड' आणि 'हॉट' अशा दोन पट्ट्या असतात. गरम गाडीत अर्थातच 'हॉट'. एकदा बघून शंका आली तर दोनदा बघा, तीनदा बघा. फडकं जुन्या बनियनचं घेतलंत तर त्याचे धागे सुटत नाहीत ना एवढं पाहा, आतल्या व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांना एक धागाही नको असतो.

आता तो थेंब वाचायचा. डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि दोन मिनिटं थांबा.

नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, कोकम सरबतासारखं दिसतं, लाल आणि आरपार. डागाची कड दूरवर पसरते आणि मध्ये काही उरत नाही. वापरात आलेलं ऑइल विटकरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं तर बदलायची वेळ झाली. काळं असेल, डाग मध्येच साचून राहत असेल आणि जळका, करपलेला वास येत असेल, तर क्लचच्या चकत्या झिजून ऑइलमध्ये उतरल्या आहेत. आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी-क्रीमसारखं गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी हलवूच नका. काही गाड्यांत गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतून जाते. ती फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, आणि पाणी लागलेल्या चकत्यांचं अस्तर सुटायला लागतं. तशी गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरच, गॅरेजला न्यायची.

रंगाबद्दल एक लक्षात ठेवा: सगळी ऑइलं लाल नसतात, सीव्हीटीची काही हिरवट किंवा निळसर असतात. एटीएफमध्ये लाल रंग मुद्दाम घालतात तो ओळख पटावी म्हणून, गळती झाली तर ती इंजिन ऑइलची नाही हे कळावं म्हणून. पार्किंगमध्ये गाडीखाली रात्रभर जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर लाल ठिपका दिसला तर पातळी कमी का होतेय याचं उत्तर मिळालं. हा गिअरबॉक्स ऑइल जाळत नाही. पातळी खाली गेली म्हणजे कुठेतरी गळतंय.

डिपस्टिकच नसेल तर

नव्या बऱ्याच गाड्यांत ती नसते. तिथे गिअरबॉक्सच्या बाजूला किंवा तळाला एक पातळीचा प्लग असतो. गाडी चारही बाजूंनी सारखी उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, ऑइल ठरावीक तापमानाला आणायचं, बऱ्याच गाड्यांत ते साधारण 35 ते 45 अंश सेल्सिअस असतं, आणि मग प्लग उघडायचा. धार लागली तर ऑइल जास्त, थेंब-थेंब पडलं तर बरोबर, काहीच आलं नाही तर कमी. ऑइलचं तापमान गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवरच दिसतं. लिफ्ट आणि स्कॅनर नसलेल्या माणसानं या गाड्यांना घरी हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण गॅरेजमध्ये एक प्रश्न जरूर विचारा: "पातळी किती तापमानाला बघणार?" ज्याला काम येतं तो लगेच आकडा सांगतो.

ऑइल कोणतं

इथे काटकसर करू नका, आणि सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेल्या डब्याला भुलू नका. टोयोटाच्या सहा गिअरवाल्या गाड्यांना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्यांना एसपी-3 आणि सहा गिअरवाल्यांना एसपी-4, होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांना डीडब्ल्यू-1, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-2. ही नावं दिसायला सारखी वाटतात, पण त्यांचा घट्टपणा आणि घर्षणाचा स्वभाव वेगळा असतो. एसपी-3 च्या गाडीत एसपी-4 किंवा उलट घालू नका. सीव्हीटीत तर पोलादी पट्टा पोलादी पुलीला पकडून धरतो. त्यात साधं एटीएफ पडलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात.

ऑइलमधल्या त्या मिश्रणाचं महत्त्व कळायला एक जुनी हकिगत पुरेशी आहे. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला. पुढे कित्येक वर्षं अशा गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये क्लच मऊ पकडावा म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. 1970 च्या सुमारास तिथे देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि ते तेल बंद झालं. त्याच्या तोडीचं रसायन शोधायला तेल कंपन्यांना मोठी धडपड करावी लागली. डब्यातला तो थोडासा अंश क्लचचं आयुष्य ठरवतो.

बदलण्याआधी

माझ्या सिटीसाठी मी जमवतो ते साहित्य सांगतो. तीन लिटर योग्य ऑइल, कारण एका वेळी साधारण अडीच लिटर निघतं. ड्रेन प्लगचा नवा ॲल्युमिनियम वॉशर. पाऊण इंचाचा नाही, 3/8 इंचाचा रॅचेट. लांब मानेचं नरसाळं आणि त्याला बसेल अशी पारदर्शक नळी. पाच लिटरचा पसरट ट्रे. जॅक आणि दोन जॅकस्टँड. मापाच्या खुणा असलेले रिकामे ऑइलचे डबे. हातमोजे. फडकी.

निघालेलं ऑइल कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. वर म्हटलं तसं ते कोकम सरबतासारखं दिसतं, आणि घरात लहान मुलं असतात.

गाडी गरम असावी, पण भट्टीसारखी तापलेली नको. रस्त्यावरून येऊन अर्धा तास थांबलात की ऑइल पातळ असतं आणि हात भाजत नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पुढून जॅक लावून उचला आणि गाडीचं वजन स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही नाही. आत शिरण्याआधी गाडीला बाजूनं जोरात ढकलून बघा. हलली तर स्टँड पुन्हा लावा.

मग सगळ्यात महत्त्वाचं: आधी भरायची जागा उघडते का ते बघा, मगच काढायचा प्लग सोडवा. माझ्या गाडीत डिपस्टिकच्याच नळीतून ऑइल भरतात, म्हणून प्रश्न येत नाही. पण ज्या गाड्यांत भरायचा वेगळा बोल्ट असतो, तो वर्षानुवर्षं न हललेला असतो. खालून सगळं ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

योग्य प्लग

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये इंजिन ऑइल बदलायला गाडी दिली होती आणि मी जवळच उभा होतो. मुलानं खाली जाऊन प्लग सोडवला आणि ट्रेमध्ये लाल धार पडली. मी ओरडलो तेव्हा त्यानं बोट लावून धार थांबवली. तो गिअरबॉक्सचा प्लग होता. मी तिथे नसतो, तर गिअरबॉक्स रिकामा झाला असता आणि इंजिनात, जुनं ऑइल तसंच असताना, वरून पूर्ण नवं ऑइल पडलं असतं. अशी गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडते, थोडं अंतर जाते आणि मग 'डी'त टाकूनही जागची हलत नाही. सुमारे 700 मिलिलिटर ऑइल तेवढ्यात गेलं होतं. ते योग्य ऑइलनं भरून, पातळी तपासूनच मी गाडी बाहेर काढली.

दोन प्लग शेजारी-शेजारी असतात आणि घाईत गल्लत होते. माझ्या गाडीत इंजिनाच्या प्लगला षटकोनी डोकं आहे, 17 चा पाना लागतो. गिअरबॉक्सच्या प्लगमध्ये चौकोनी खाच आहे, तिच्यात 3/8 चा रॅचेट सॉकेटशिवाय थेट बसतो. तुमच्या गाडीत खुणा वेगळ्या असतील. त्या एकदा शोधा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि कोणाच्याही हातून काम करून घेत असाल तरी पहिल्या धारेचा रंग स्वतः बघा.

काढणं आणि भरणं

ट्रे नीट खाली सरकवा. धार सुरुवातीला सरळ खाली न पडता पुढे उडते, त्यामुळे ट्रे थोडा पुढे ठेवा. प्लग हातानं शेवटचे आटे सोडवताना आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या. ऑइल निथळायला वीस मिनिटं द्या.

तेवढ्या वेळात प्लग बघा. त्याला चुंबक असतं आणि त्यावर काळपट-राखाडी, मऊ मलम चिकटलेलं असतं. बोटांत चोळल्यावर ते काजळासारखं लागलं तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे कण, चकाकणारे तुकडे किंवा दातांचे टवके दिसले तर तो फोटो काढून जाणकार मेकॅनिकला दाखवा. नवं ऑइल त्यावर उपाय नाही. चुंबक स्वच्छ पुसा, जुना वॉशर काढून टाका. तो चेपलेला असतो आणि कधीकधी गिअरबॉक्सला चिकटून राहतो. तसाच राहून त्यावर नवा बसला तर हमखास गळतं.

प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवा. आटे सरळ लागले की तो सहज फिरतो. अडला तर पान्याचा जोर न लावता परत काढा. गिअरबॉक्सची खोळ ॲल्युमिनियमची असते, तिचे आटे गेले की खर्च मोठा. शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं, आवळा, माझ्या गाडीला 49 न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर ओळखीच्या टायरवाल्याकडून घ्या, पण अंदाजानं अंगाचा जोर लावू नका.

काही गाड्यांत तळाशी पत्र्याचं पॅन असतं आणि ते उघडून आतला फिल्टर बदलता येतो. होंडात तसं नाही, आतली जाळी गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही. पॅनवाली गाडी असेल तर नवं गॅस्केट आणि फिल्टर आधीच आणून ठेवा, आणि पॅनचे बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरचे, हलक्या हातानं आवळा. पॅन वाकलं तर कितीही आवळा, झिरपत राहतं.

आता मोजमाप. निघालेलं ऑइल खुणांच्या डब्यांत ओता आणि थंड होऊ द्या. गरम ऑइल फुगलेलं असतं, पन्नास अंशांच्या फरकानं साधारण चार टक्के. म्हणजे अडीच लिटरमागे शंभर मिलिलिटरचा घोळ. थंड झाल्यावर जेवढं भरेल त्याहून दोनशे मिलिलिटर कमी नवं ऑइल आधी भरा. बाकीचं पातळी बघत बघत. बदलण्याआधीची पातळी बरोबर होती का हे आठवा. आधीच कमी असेल तर काढलं तेवढं भरून भागणार नाही, आणि म्हणूनच तपासणं आधी सांगितलं.

नरसाळ्यातून सावकाश ओता. नळी अरुंद असते, घाई केली की उसळून वर येतं. भरेपर्यंत इंजिन चुकूनही सुरू करू नका, आतला पंप कोरडा फिरतो.

भरून झालं की गाडी स्टँडवरून खाली घ्या, इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून पुन्हा पी-आर-एन-डी असा फेरा मारा. प्लगखाली टिश्यू लावून बघा. मग पंधरा मिनिटं चालवून आणा आणि वर सांगितलेल्या रीतीनं गरम पातळी तपासा. ती दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या थोडी खाली आली पाहिजे. कमी वाटली तर एका वेळी शंभर मिलिलिटर घाला, जास्त नाही.

जास्त झालेलं ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. फिरणारे भाग त्यात बुडतात, ऑइल घुसळून फेस होतो, फेसाला दाब धरत नाही, क्लच घसरतात. लोकांना वाटतं थोडं जास्त असलेलं बरं. गिअरबॉक्सच्या बाबतीत हे खरं नाही. जास्त झालं तर प्लग किंचित सोडून किंवा डिपस्टिकच्या नळीतून सिरिंजनं काढून घ्या.

एकदा बदलून सगळं बदलत नाही

माझ्या गिअरबॉक्समध्ये एकूण सहा लिटरच्या आसपास ऑइल असतं आणि प्लगमधून अडीच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये अडकून राहतं. म्हणजे पहिल्या वेळी 42 टक्के नवं. पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढंच बदललं तर 66 टक्के, तिसऱ्यांदा 80. ऑइल फार काळं नसेल तर मी दोनदाच बदलतो. कधीच न बदललेल्या गाडीला तीनदा बदलणं योग्य. तिन्ही वेळचे थेंब एकाच कागदावर शेजारी टेकवून तारखा लिहा, रंग कसा उजळत गेला ते डोळ्यांना दिसतं.

मशीन लावून दाबानं ऑइल धुऊन काढायची सोय काही ठिकाणी असते. जुन्या, कधी ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला मी ती करत नाही. आतला साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकायची भीती असते. आपल्या आपण निथळू देणं आणि मापानं भरणं, याला वेळ लागतो, पण धोका कमी.

हमखास विचारला जाणारा प्रश्न: "एवढी वर्षं बदललं नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल असं म्हणतात, खरं का?" बऱ्याचदा उलट क्रम असतो. गाडी घसरायला लागल्यावर माणूस ऑइल बदलतो, महिन्याभरात गिअरबॉक्स बसतो आणि दोष नव्या ऑइलवर येतो. चकत्या तेव्हा आधीच संपलेल्या असतात. तुमची गाडी आज नीट चालत असेल, ऑइल तपकिरी पण जळक्या वासाशिवाय असेल, तर हळूहळू, टप्प्याटप्प्यानं बदला. घसरणं, धक्के, करपट वास यापैकी काही असेल तर आधी तपासणी करून घ्या, ऑइलचा विचार नंतर. 'आयुष्यभर पुरेल' असं लिहिलेलं ऑइलही मी तपासतो. गाडी मी वॉरंटीच्या पलीकडे, पंधरा वर्षं वापरणार असतो. त्या वाक्यातलं आयुष्य गाडीचं की वॉरंटीचं, हे कोणी लिहून देत नाही.

जुनं ऑइल

वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. गटारात, मातीत, झाडांच्या आळ्यात नको, आणि फाटकाला गंज लागू नये म्हणून फासायलाही नको. झाकण घट्ट लावलेल्या डब्यावर 'जुनं गिअर ऑइल' असं ठळक लिहा आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये देऊन या. बऱ्याच ठिकाणी अधिकृत पुनर्वापरवाल्यांसाठी वेगळा ड्रम असतो. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करणं कठीण होतं.

शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला एक छोटं स्टिकर लावा: तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, किती काढलं, किती भरलं. माझ्या गाडीवर आता अशी चार स्टिकरं आहेत. ती विकेन तेव्हा पुढच्या मालकाला फाइल चाळायला लागणार नाही.